काडीनं मोजलेला दांडा

मास्तरकडं बिडी पेटवायला काडी मागायची नाय, हे आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवा माणूस मात्र फसायचा. मास्तरच्या कानामागं काडीपेटीतली एक काडी कायम खोचलेली असायची. स्वतः बिडी ओढत नव्हता, सिगारेट नाय, काही नाय. मागणाऱ्याला वाटायचं, काडी तर दिसतीय, देईल. मास्तर कानावर हात ठेवून मागं सरकायचा आणि म्हणायचा, "ये जलाने की नहीं, नापने की है."

मास्तर गिटार शिकवायचा. गिटारच्या दांड्याला वरच्या अंगाला जिथं खुंट्या सुरू होतात, तिथं तो ही काडी आडवी धरायचा. दांडा काडीएवढाच भरला तर तो अरुंद. काडी ठेवून पुढं करंगळीचं नख मावलं तर रुंद. त्याच्या दृष्टीनं जगात या दोनच जाती होत्या. मी दांडा म्हणायचो, तो गर्दन म्हणायचा. "मिस्त्री, कुदळीला दांडा असतो. ये गर्दन है." आणि मी म्हणायचो, मुठीत धरायची ती वस्तू दांडाच. यावरून आम्ही दोघं किती वेळा भांडलो त्याला मोजदाद नाय.

मी सुतार. करमाडच्या पलीकडं आमचं गाव. शाळा तिसरीत सुटली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाय. गावच्या विहिरी आटल्या, लोकांनी घरं बांधणं थांबवलं तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन शहरात आलो. इकडं उलटं चाललं होतं. नळाला पाणी नव्हतं आणि तरी घरावर घर चढत होतं. पिण्याला टँकर आणि सिमेंट कालवायलाही टँकर. सुताराला काम म्हणाल तेवढं. माझं स्वतःचं घर मी माझ्या हातानं उभं केलं, दार-खिडक्या तर सोडाच, पत्र्याखालच्या वाशांपर्यंत. शेजारची एक खोली भाड्याला काढली. ती बघायला मास्तर आला.

बाकीचे भाडेकरू खोली बघतात, मोरी बघतात, पाण्याचं विचारतात. यानं माझा डावा हात मागितला. मला वाटलं ज्योतिषी आहे. त्यानं माझी बोटं ताणून बघितली, अंगठा मागं दाबला, आणि म्हणाला, "लंबी उंगलियाँ. चौडी गर्दन चलेगी तुमको. वाजवता काय?"

"रंधा वाजवतो," मी म्हणालो.

तो हसला नाय. त्याला वाटलं रंधा म्हणजे एखादं वाद्य असंल. मी अंगणातला रंधा दाखवला तेव्हा तो खाली बसून त्याची मूठ किती वेळ बघत राहिला. खोली न बघताच राहायला आला.

मूळचा सिल्लोडचा. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लग्नं, उरूस, गणपती, जत्रा, असं त्यांचं सगळ्या जिल्ह्यात फिरणं असायचं. पुढं दुष्काळ पडला तशा जत्रा आखडल्या. जिथं माणसांना पाणी नाय तिथं गाणाऱ्यांना कोण बोलवतो. ऑर्केस्ट्रा फुटला, ढोलकवाला रिक्षा चालवायला लागला आणि मास्तर माझ्या खोलीत शिकवणी घ्यायला लागला. आता तो नाय. शेवटी सिल्लोडलाच बहिणीकडं गेला आणि तिथंच मिटला. खोलीच्या दाराच्या चौकटीत, फटीमध्ये, त्यानं खोचलेली एक काडी अजून आहे. नातू काढायला गेला होता, मी हात धरला.

मास्तर एका जागी बसलेला मी फार थोडा वेळ बघितला असंल. खोलीतली खाट दर दोन-चार दिवसांनी जागा बदलायची. कधी खिडकीपाशी, कधी दारात, कधी अंगणात. सरकवायचा तो एका हातानं, उजव्या. डाव्या हातानं तो जेवढं टाळता येईल तेवढं टाळायचा. टँकर आला की सगळी गल्ली हंडे, ड्रम, कॅन घेऊन धावायची, त्यात मास्तर एक बादली उजव्या हातात धरून वाकडा चालत यायचा. डावा हात खिशात. आमची मंडळी एकदा पाइपापाशी सगळ्या बायांच्या देखत म्हणाली, "मास्तरभाऊ, दुसरा हात घरी ठिवून आलात का?"

"नाय वैनी, सोबतच आहे. झोपलाय."

"उठवा की मग. दोन बादल्या होतील."

"उठला तर रडतो," मास्तर म्हणाला.

बाया हसल्या. मी नाय हसलो, कारण भिंतीपलीकडं काय चालतं ते मला ठाऊक होतं.

आमच्या आणि त्याच्या खोलीत एकाच विटेची भिंत. शिकवणीची पोरं गेली की मास्तर स्वतःसाठी वाजवायला बसायचा. चांगलं वाजवायचा, लई चांगलं. मला त्यातलं कळत नाय, पण चांगलं काम कोणतंही असो, ऐकू येतं. गाणं सुरू व्हायचं, एक कडवं व्हायचं, दुसऱ्याकडं वळायचं आणि तुटायचं. मग हात झटकल्याचा आवाज. मग पावलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पुन्हा सुरू, पुन्हा तिथंच तुटायचं. अंगठ्याच्या बुडाशी त्याला कळ यायची, सगळा हात आकसून यायचा. त्याची सगळी गाणी मला अर्धीच पाठ होती. फळी रंधताना नकळत तीच गुणगुणायचो आणि तिथंच थांबायचो, रंधा पण थांबायचा. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. कितीदा मनात आलं, भिंतीवर थाप मारून सांगावं की बाबा, पुढचं तरी वाजव नायतर सुरूच करू नको.

त्याच्या हाताचं दुखणं सगळ्यांनी वयावर टाकलं. त्याला ते मान्य नव्हतं. तो म्हणायचा, दोष गर्दनचा आहे. त्याची बोटं म्हणजे आखूड आणि जाड, वांग्याच्या देठासारखी. अरुंद दांड्यावर तारा जवळ-जवळ असतात. याचं बोट एका तारेवर टेकलं की शेजारच्या तारेलाही लागायचं आणि ती मुकी व्हायची. म्हणून रुंद दांडा बरा. पण रुंद दांड्याला कवेत घ्यायचं तर हात लांब लागतो, आखूड बोटं पलीकडच्या जाड तारेपर्यंत पोचताना मनगट मोडल्यासारखं वाकतं. अल्लानं बोटं जाड दिली तर लांब तरी द्यायची, असं तो म्हणायचा. मी म्हणालो, "तक्रार वर करा, मी काय करू?"

त्यानं उपाय स्वतःच काढला होता. रुंदी तशीच ठेवायची, दांड्याची पाठ खरवडून पातळ करायची, म्हणजे बोटं पुढं पोचतील. फुटक्या बाटलीची काच घेऊन सकाळी ओट्यावर बसायचा आणि दांडा खरवडायचा. खर्र, खर्र. मांडीवर पिठासारखा भुसा. थोडं खरवडलं की वाजवून बघायचा, एक-दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा कळ, पुन्हा काच. कित्येक वर्षं हे चालू होतं. माझ्या कामाला येणारी माणसं विचारायची, "मिस्त्री, हा तुमचा हाताखालचा माणूस का?" मास्तरला राग यायचा आणि मला त्याहून जास्त. असलं काम करणारा माणूस मी हाताखाली कशाला ठेवीन?

शिकवणी त्याची कधी नीट चालली नाय, कारण तो आलेल्याला परत पाठवायचा. समोरच्या बंगल्यात एक रिटायर कारकून राहायचे. वाडवडील भिक्षुकी करणारे, आता पोरं पुण्यात कंपन्यांत. त्यांची धाकटी लेक गिटार शिकायची म्हणाली, तर मामानं तिला पुण्याहून भारीतली गिटार पाठवली. साहेब स्वतः तिला घेऊन आले. मास्तरनं गिटारकडं बघितलंच नाय. पोरीचा डावा हात बघितला, मग कानामागची काडी काढून दांड्यावर ठेवली आणि म्हणाला, "ये नहीं चलेगी. वापस भेजो."

साहेब म्हणाले, "अहो, दुकानात सगळ्यात महाग होती ही."

"महाग असंल. हात किसका है? बच्ची का. छोटा हात, पतली उंगलियाँ. हिला बारीक गर्दन पाहिजे."

"म्हणजे आमच्या मुलीला जमणार नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"बूट तंग झाला तर पायाला नापास करता का, साहेब?"

साहेब रागानं निघाले. गल्लीच्या मध्यावर पोचले असतील, तोवर मास्तर आत गेला, खिळ्यावरची त्याची ऑर्केस्ट्रातली अरुंद दांड्याची गिटार काढली आणि त्यांच्या मागं पळत जाऊन पोरीच्या हातात दिली. "ये ले. याच्यावर शिक. माझ्या बोटांना ती नाय चालत, भिंतीवर टांगून काय करू?" पोरगी पुढं छान वाजवायला लागली. साहेबांनी मास्तरशी बोलणं मात्र टाकलं ते टाकलंच. मास्तरकडं आता ती एकच रुंद दांड्याची गिटार उरली, दिवसेंदिवस पातळ होत जाणारी.

मग जालना रोडवर एक मोठं हॉटेल निघालं. त्या रस्त्याला तेव्हा सगळंच निघत होतं, शोरूम, दवाखाने, मंगल कार्यालयं. हॉटेलवाल्याला संध्याकाळी जेवणाऱ्यांसमोर गिटार वाजवणारा माणूस पाहिजे होता. ढोलकवाल्यानं रिक्षात बसलेल्या मॅनेजरला मास्तरचं सांगितलं. मॅनेजर येऊन ऐकून गेला. पसंत पडलं त्याला, पण जाताना म्हणाला, "मास्टरजी, एक गोष्ट. तुम्ही मधे मधे थांबता. तसं तिथं नाही चालणार. लोक समोर बसलेले असतात. येत्या रविवारी पूर्ण संध्याकाळ वाजवून दाखवा, मग बघू."

त्या दिवसापासून मास्तरची पावलं थांबेनात. खाट रोज जागा बदलायला लागली. जेवताना उभा, बोलताना चालता. मला म्हणाला, "मिस्त्री, नाय जमलं तर गिटार विकून टाकीन. सिल्लोडला बहिणीचं कापडाचं दुकान आहे. बसीन तिथं कापड मोजत." म्हणाला आणि काच घेऊन ओट्यावर बसला. खर्र, खर्र.

मी हातातलं काम टाकून गेलो आणि गिटार त्याच्या मांडीवरून उचलली. तो ओरडायच्या आत एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली, फळीवरून टाकतो तशी. दांडा धनुष्यासारखा वाकला होता. इतका पातळ केल्यावर तारांचा ताण तो कुठून सोसणार? त्यात असला कोरडा उन्हाळा, लाकूड आतून सुकून आकसलेलं, दांड्यावर आडव्या बसवलेल्या पितळी पट्ट्यांची, म्हणजे पडद्यांची, टोकं कडेनं बाहेर आलेली, बोट फिरवलं तर रक्त निघंल अशी. दांडा वाकला म्हणून तारा वर उचलल्या होत्या. त्या दाबायला जोर लागत होता, जोर लावायला अंगठा मागून आवळत होता, आणि मागं अंगठ्याला टेकायला काही उरलंच नव्हतं.

"मास्तर," मी म्हणालो, "तुमची काडी कायम आडवीच पडती. रुंदी मोजली, जाडी कधी मोजली का?"

"जाडी का क्या मोजना? जितकी पतली उतनी अच्छी."

"कोण म्हणतं?"

"मेरा हात म्हणतो."

"तुमचा हात तर रडतो म्हणता."

तरी तो ऐकंना. मी आतून दोन वाकस आणले. सुताराचा वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, त्याचा दांडा ज्याच्या-त्याच्या मुठीप्रमाणं बसवलेला असतो. एक माझ्या बापाचा, मुठीत भरणारा. दुसरा बाजारातून आणलेला, छडीसारखा बारीक. म्हणालो, उजव्या हातानं मारा या ओंडक्यावर, डाव्याला झोपू द्या. बारीक दांड्याचा त्यानं थोडाच मारला आणि मूठ उघडून बोटं झटकली. तशीच झटकली, जशी भिंतीपलीकडं झटकायचा. मग बापाचा वाकस घेतला आणि मारतच राहिला. ओंडका संपतोय का काय असं मला वाटलं.

मग वाकस खाली ठेवला, खोलीत गेला, दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतोय तर गिटार खोळीत घालून माझ्या दारात उभा. म्हणाला, "बिघडली तर तुम्हारी गर्दन कापीन."

शहरात रस्ता रुंद करताना पाडलेल्या एका दुकानाची सागवानी चौकट मी कधीची जपून ठेवली होती. जुना, मुरलेला साग, उन्हाळे-पावसाळे सगळे भोगून झालेला, आता तो हलणार नव्हता. त्यातून पट्टी काढली. तारा उतरवल्या, दांडा सरळ दाबून पाठीवर पट्टी सरसानं चिकटवली आणि शिकंज्यात कसली. सरस सुकेपर्यंत मास्तर माझ्या अंगणात येरझाऱ्या घालत होता. मंडळी म्हणाली, "दवाखान्याबाहेर बाप्या फिरतो तसा फिरतोय बघा." चहा दिला तर कप हातात घेऊन फिरला, चहा सांडला.

पहिल्यांदा पट्टी जास्त जाड राहिली. मास्तरनं हातात धरली आणि म्हणाला, "ये क्या, मुसळ?" बोटं पलीकडं पोचेनात. मी म्हणालो, सुताराकडं पहिल्या झटक्यात दार बसत नसतं. मग तो बाकावर बसला, डावा हात दांड्याभोवती, आणि मी पटाशीनं, मग रंध्यानं पातळ काप काढायचो. काप काढला की तो धरून बघायचा. "हौ... और थोडा." पुन्हा काप. "इथं नक्को, अंगठ्याखाली राहू द्या. वर काढा, बोटांच्या बाजूला." माझ्या जन्मात मला कोणी हत्यार कसं चालवायचं ते सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. त्या दिवशी ऐकलं. कारण लाकूड मला दिसत होतं, पण आतला हात फक्त त्याला दिसत होता. एका बाजूला अंगठ्याला पोट आणि दुसऱ्या बाजूला बोटांना उतार, असा वाकडाच आकार निघाला. कुठल्या दुकानात मिळणार नाय असा. पडद्यांची टोकं कानशीनं घासून दिली.

शेवटी तारा चढवून त्यानं हात टेकवला. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला कळलं, झालं. पण मास्तर म्हणाला, "बस, और एक काप."

मी रंधा पेटीत टाकला आणि कडी लावली. "आता एक काप नाय."

"मिस्त्री, बालभर."

"केसभर पण नाय. तुम्ही असंच करत करत दांड्याचा कागद केला होता. झालं ते झालं."

तो रागानं गेला. रविवारपर्यंत आमचं बोलणं बंद. भिंतीपलीकडं पण आवाज नाय. वाजवूनच बघत नव्हता. भीत होता, मला कळत होतं. न वाजवलं तर आशा तरी राहती.

रविवारी संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून ढोलकवाल्याच्या रिक्षातून गेला. माझ्याकडं बघितलं नाय. मी घरात बसून बघितलं, जमंना. मंडळी म्हणाली, "जा की मग. इथं माझ्या पायात पायात करू नका." सायकल काढली.

हॉटेलात जायचं मला काही कारण नव्हतं. बाजूच्या बोळात, काचेच्या खिडक्यांपाशी उभा राहिलो. वॉचमन आला. "चाचा, किसके पास?"

"आत गिटार वाजतीय ना, तिच्या दांड्यापाशी."

त्यानं हातानं दाखवलं, रस्ता सोडून जरा बाजूला व्हा.

गाणं सुरू झालं. तेच, भिंतीपलीकडचं सगळ्यात जुनं. आत वाट्या-चमच्यांचा आवाज, बोळात गाड्यांचा धूर. मला फक्त ती जागा ठाऊक होती, पहिलं कडवं संपून दुसऱ्याकडं वळायची. मी सायकलीची मूठ धरून उभा. जागा जवळ आली. माझाच हात आकसून आला. आणि गाणं त्या जागेवरून सरळ पुढं गेलं, जसं तिथं कधी काही नव्हतंच.

पुढचं मी पहिल्यांदा ऐकत होतो. इतकी वर्षं शेजारी राहून. थोडं वर चढलं, मग खाली आलं, आणि जिथं सुरू झालं होतं तिथंच येऊन हळू टेकलं. संपलं. मनात आलं, एवढंच होतं व्हय पुढं? एवढ्यासाठी माणूस इतका फिरला, मी इतका तळमळलो? मग दुसरं सुरू झालं, तेही पार शेवटपर्यंत गेलं. लोक जेवत होते, एकानंही मान वर केली नाय. त्यांना काय माहीत, त्यांनी काय ऐकलं ते. मी तिसरं संपेपर्यंत थांबलो आणि घरी आलो. वाटेत सायकल चालवताना ते पहिलं गाणं तोंडात आलं, आणि ते मी पुरं म्हटलं.

हॉटेलात त्याला ठेवून घेतलं. बरीच वर्षं वाजवलं त्यानं तिथं, म्हातारपणी बहीण ओढून घेऊन जाईपर्यंत. पण मला आठवतो तो रविवारच्या नंतरचा सोमवार. सकाळी चहा घेत होतो. मंडळीला सांगत होतो की माझ्या हातचं काम आहे, पिढ्यान् पिढ्या हलणार नाय. आणि ओट्यावरून आवाज आला.

खर्र, खर्र.

मी कप तसाच ठेवला आणि चप्पल न घालता बाहेर गेलो.

"थोडासाच, मिस्त्री," मास्तर मान वर न करता म्हणाला. "बालभर."